धुराने रंगलेली माती

चैत्र-वैशाखात धामणगाव रेल्वेच्या बाजारात माठ विकत घेणारा गृहस्थ काय करतो, हे पाहण्यासारखे असते. तो प्रथम माठ उचलतो, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि मग माठ सावकाश फिरवून त्याचा रंग न्याहाळतो. आवाज खणखणीत आला आणि अंग सर्वत्र सारखे तांबडे दिसले, म्हणजे किमतीची घासाघीस सुरू होते. पण पाठीवर कोठे तळहाताएवढा काळा डाग आढळला, की आवाज कितीही चांगला असो, तो माठ पुन्हा ओळीत जाऊन बसतो. कुंभारही त्याबद्दल वाद घालीत नाही. डागाचा माठ शेवटी थोड्या कमी किमतीत कोणाच्या तरी गळ्यात पडतो, किंवा कुंभाराच्याच अंगणात गुराढोरांच्या पाण्यासाठी राहतो.

वस्तुतः त्या डागाने पाण्याच्या थंडाव्यात काडीचाही फरक पडत नाही. तो दोष आहे असे ठरविले ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी. हाच डाग कोणी समजून-उमजून, हव्या त्या जागी, हव्या त्या आकाराचा पाडला तर तो अलंकार होतो. आणि आज शोभेची भांडी हाताने घडवून खड्ड्यात, भुशात किंवा धुरात भाजण्याची जी हौस शहराशहरांतून दिसू लागली आहे, तिचे सारे रहस्य या डागातच आहे. ही हौस परदेशातून आली असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

डाग पडतो कसा, हे आधी पाहावे. वऱ्हाडच्या मातीत लोहाचा अंश पुष्कळ असतो, आणि हा लोहांश म्हणजेच कुंभाराची रंगपेटी होय. माती तापत असताना आव्यात हवा खेळती राहिली, तर लोहास प्राणवायू भरपूर मिळतो व त्याचे तांबडे भस्म बनते. जुन्या खिळ्यावर चढतो त्या गंजाचाच हा भाऊ. हवा कोंडली आणि धूर दाटला, म्हणजे जळणास पुरेसा प्राणवायू मिळत नाही, तेव्हा ते मातीतल्या लोहाजवळचा प्राणवायू ओढून घेते आणि लोहांश काळसर होतो. त्याच वेळी धुरातील काजळीचे अतिसूक्ष्म कण तापलेल्या मातीच्या छिद्रांत शिरून बसतात. हा काळा रंग पृष्ठभागावर लावलेला नसल्यामुळे धुतल्याने किंवा घासल्याने जात नाही. मोकळ्या हवेत तेच भांडे पुन्हा लाल होईपर्यंत तापविले तर मात्र काजळी जळून जाते आणि भांडे पुनश्च तांबडे होते. एकाच मातीचे, एकाच आव्यातले दोन माठ शेजारी शेजारी असून एक तांबडा व एक काळा निघतो तो यामुळे. एकावर गोवरी आडवी पडून तिने हवा अडविलेली असते, दुसऱ्याभोवती ज्वाळा मोकळी फिरलेली असते. भांड्याच्या अंगावरील रंग म्हणजे हवा कोठवर पोहोचली याची नोंदच होय.

ही नोंद हुकमी उमटविणारे लोक वऱ्हाडात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी नांदत होते. धामणगावच्या उत्तरेस, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे, आणि तेथून पंढरपुरास निघणारी पालखीही प्रसिद्ध आहे. परंतु तेथील पांढरीच्या टेकाडांत काय दडले होते, ते कळले १९६२ ते १९६४ या काळात, जेव्हा डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. खालच्या थरांतून जी खापरे निघाली त्यांत एक जात अशी होती, की तिच्या बाहेरच्या अंगाचा खालचा भाग तांबडा, पण आतील बाजू आणि काठ मात्र काळाभोर. अशीच काळी-तांबडी भांडी डॉ. शांताराम भालचंद्र देव यांना नागपूरकडील टाकळघाट-खापा, माहूरझरी व नैकुंड येथील शिळावर्तुळांच्या उत्खननांत मिळाली. मोठमोठ्या दगडांची वर्तुळे रचून त्यांत मृतांच्या अस्थी पुरणारे हे लोक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले. घोडा त्यांच्यापाशी होता, लोखंड होते. नैकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ज्यांना कोळसा, वारा आणि विस्तव यांचा मेळ घालून दगडातून लोखंड काढता येत होते, त्यांना धुराकडून मडके रंगवून घेणे कितीसे अवघड!

त्यांनी ते कसे केले याविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की भांडे पालथे घालून भाजीत. पालथ्या भांड्याच्या पोटात भुसा, पाला वगैरे भरला, आणि काठ राखेत रुतवून ठेवला, म्हणजे आत हवा शिरत नाही. भुसा धुमसत राहतो व आतील बाजू आणि काठ काळे होतात. बाहेरच्या अंगास हवा मिळते म्हणून ते तांबडे. दुसरे मत असे, की भांडे प्रथम नेहमीप्रमाणे तांबडे भाजून, ते तापलेले असतानाच बाहेर काढून भुशावर वा पाल्यावर पालथे ठेवीत. मग पाला पेटून त्याचा धूर आत कोंडला जाई. प्रयोगात दोन्ही रीतींनी काळे-तांबडे भांडे तयार होते, त्यामुळे वाद मिटण्यासारखा नाही. पण त्या दुसऱ्या मतातील कृती ध्यानात ठेवावी. ती पुढे जपानच्या वाटेने पुन्हा भेटणार आहे.

आता मातीकडे वळावे. कपाशीस जी काळी जमीन सोन्यासारखी, ती कुंभारकामास एकटी घेतली तर शत्रूसारखी. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. नुसत्या काळ्या मातीचे भांडे सावलीतदेखील धडपणे वाळत नाही. म्हणून कुंभार ओढ्याचा किंवा तळ्याचा गाळ आणतो, त्यात बारीक रेती, राख, लीद किंवा कुटार मिसळतो. हौशी मनुष्याने तीन भाग चाळलेल्या मातीस एक भाग कुटलेल्या खापरांचा चुरा घालावा. एकदा भाजलेली माती पुन्हा आक्रसत नाही, म्हणून हा चुरा भांड्यास आतून आधार देतो. शिवाय वाफेस बाहेर पडण्यास वाटाही ठेवतो.

वऱ्हाडच्या मातीचा आणखी एक खोडसाळपणा आहे, आणि नवशिक्यास तो हमखास फसवितो. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भांडे चांगले भाजले जाते, आव्यातून अखंड निघते, घरात आठ-पंधरा दिवस मिरवते आणि मग एका दमट दिवशी त्याच्या अंगावरून टिकलीएवढे टवके उडू लागतात. प्रत्येक टवक्याच्या मुळाशी पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे कळीचा चुना होय. विस्तवात चुनखडीचा चुना बनला. हवेतील दमटपणा पिऊन तो फुगला आणि त्याने वरची माती फोडली. पानाच्या डब्यातला चुना विरविताना जे घडते, तेच येथे भिंतीच्या आत घडते. यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा: माती पाण्यात कालवून पातळ करावी, बारीक चाळणीतून गाळून घ्यावी, नितळू द्यावी, वरचे पाणी काढून टाकून घट्ट होऊ द्यावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन-तीन आठवडे मुरू द्यावी. या कामात घाई केली तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

घडविण्यास चाक पाहिजेच असे नाही. किंबहुना शोभेच्या कामास चाक नसलेलेच बरे, कारण चाकावरचे भांडे गोलच होते. वऱ्हाडातील ज्या आजीबाईंनी अंगणात बसून मातीची चूल घातली असेल, त्यांना हातकामाची मुख्य रीत ठाऊकच आहे. कुटार मिसळलेल्या मातीच्या जाड वळ्या करावयाच्या, एकीवर एक बसवावयाच्या, सांधे बोटांनी मिटवावयाचे, खालचा थर जरा आवळला की वरचा चढवावयाचा. धान्याच्या कोठ्या अशाच उभ्या राहत. फुलदाणी म्हणजे त्याच कोठीचे लहान रूप. लहान वाटी करावयाची तर मातीच्या गोळ्यात अंगठा खुपसून चिमटीने कड दाबीत फिरत जावे. चौकोनी दिवठाण किंवा भिंतीवरची चौकट करावयाची तर माती पोळीसारखी लाटून तिच्या पट्ट्या कापाव्यात. आणि आकार मोठा व गोल हवा असेल तर कुंभाराची जुनी युक्ती वापरावी: आतून एका हाताने गोल दगड धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोकत जावयाचे. माती दबते, पातळ होते, पसरते, आणि सांधे एकजीव होतात. भिंतीची जाडी पाव इंचाच्या आसपास, पण सर्वत्र सारखी असावी. जाड तळ आणि पातळ काठ यांची वाळण्याची चाल निराळी, म्हणून त्यांच्या मधोमध चीर पडते.

घराघरांतून मातीची मूर्ती घडविण्याची सवय या प्रांतातून अगदीच गेलेली नाही. पोळ्यास मातीचे बैल पुजतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, आणि तिच्याशेजारी भुलोजी बसतो. या मूर्ती बहुधा कच्च्याच रंगवून पुढे पाण्यात सोडावयाच्या असतात, त्यामुळे त्या भरीव असल्या तरी चालते. पण तोच भरीव बैल कोणी विस्तवात घातला तर मोठा आवाज होऊन त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांनाही घेऊन जातात. मातीच्या पोटात राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही, म्हणून हा स्फोट. भाजावयाच्या बैलाचे पोट पोकळ करावे, खालून एक छिद्र ठेवावे आणि त्यास आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावे. हिवाळ्याचे कोरडे दिवस या कामास उत्तम. मृगाच्या आभाळाखाली वाळवणाचा भरवसा नाही.

झिलई न देता चकाकी आणण्याची विद्या घोटण्याची होय. माती ओली नाही आणि पूर्ण वाळलेलीही नाही, नखाने कोरली तर स्वच्छ रेघ उठते, अशा अवस्थेत नदीतील गुळगुळीत गोट्याने, कवडीच्या पाठीने किंवा पितळी चमच्याच्या फुगीर बाजूने पृष्ठभाग घासत राहावे. मातीचे कण चपटे असतात. घासण्याने ते पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक आडवे निजतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. त्याआधी अत्यंत बारीक मातीचा पातळ हात दिला तर चकाकी अधिक खुलते. तो तयार करण्यास लाल माती पुष्कळ पाण्यात कालवून त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकतात. सोड्याने कण एकमेकांस चिकटत नाहीत. जाड कण खाली बसतात आणि वर दुधासारखे गढूळ पाणी तरंगत राहते. हे वरचे पाणी, म्हणजेच सर्वांत बारीक माती, अलगद काढून कुंचल्याने लावावयाची. प्राचीन रोमन लोकांच्या तांबड्या तकतकीत भांड्यांवरचा थर याच जातीचा होता. ही चकाकी नऊशे अंशांच्या पुढे टिकत नाही, परंतु उघड्या विस्तवात ती भीती फारशी नसते.

यानंतर प्रश्न येतो भाजण्याचा, आणि येथे हौशी मंडळी बहुधा पहिली चूक करितात. कच्चे भांडे एकदम खड्ड्यात ठेवून ती पेटवून देतात. उघडा विस्तव भराभर चढतो. अर्ध्या तासात सहा-सातशे अंशांपर्यंत जातो. कच्च्या मातीस हा वेग सोसत नाही. शंभर अंशांपर्यंत तिच्यातील ओल जाते. पुढे साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतच गुंतलेले पाणी सुटते, आणि तेव्हाच माती ‘भांडे’ होते, म्हणजे पुन्हा पाण्यात विरघळत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, रेतीतील गारगोटीचे कण एकाएकी किंचित फुगतात. असे हे धोक्याचे घाट सावकाश ओलांडावे लागतात. म्हणून समंजस मार्ग असा, की पहिली भाजणी गावातील कुंभाराच्या आव्यात करून घ्यावी. आव्याच्या रचनेत गोवऱ्या, भुसा आणि भांडी यांचे थर असतात, वरून राखेचे व खापरांचे पांघरूण असते. तो रात्रभर दमाने चढतो आणि दमाने उतरतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कुंभार ज्वाळेच्या रंगावरून आणि धुराच्या वासावरून जे ओळखतो, ते पुस्तक वाचून एका हिवाळ्यात येत नाही. त्याच्या माठांच्या पोटात एखाद-दुसरी फुलदाणी सहज मावते. तिचे योग्य दाम द्यावे, हे सांगावयास नको; तरी सांगितलेले बरे.

दुसरी भाजणी धुराची. ती घराच्या परसात करता येते, मात्र परसू मोकळा पाहिजे. धामणगाव हे कापसाच्या व्यापारावर वाढलेले गाव. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, तिच्या मार्गावरील हे स्थानक पुढे कापसाची पेठ झाले आणि जिल्ह्यातल्याच धामणगाव गढीपासून ओळखू यावे म्हणून की काय, गावाच्या नावासच ‘रेल्वे’ जोडले गेले. अशा गावात जिनिंगच्या आवाराजवळ, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाऱ्याच्या दिवशी असा विस्तव पेटविणे म्हणजे शेजाऱ्याचे वर्ष धोक्यात घालणे होय. पाण्याच्या दोन बादल्या आणि रेतीचे टोपले जवळ असल्याखेरीज काडी ओढू नये.

खड्डा दोन फूट खोल आणि तीन फूट रुंद पुरे. तो आधी रिकामाच पेटवून कोरडा करावा, कारण जमिनीतील ओल भांड्याच्या तळास चीर पाडते. तळाशी चार बोटे कुटार किंवा लाकडाचा भुसा पसरावा. त्यावर भाजलेली भांडी अशी मांडावीत, की जेथे काळे हवे तो भाग भुशात रुतेल आणि जेथे तांबडे किंवा पिवळसर हवे तो वर उघडा राहील. मधल्या फटींत गोवऱ्यांचे तुकडे खोचावेत. वर रचावयास वऱ्हाडात पऱ्हाटीसारखे जळण नाही. कपाशीचा हंगाम संपला, की गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी पऱ्हाट्या उपटून शेताबाहेर काढाव्यात असे कृषिखाते सांगते. त्यांचे ढीग बांधांवर पडलेले असतात. पऱ्हाटी चटकन पेटते, तिची ज्वाळा लांब आणि स्वच्छ असते, पण ती फार वेळ टिकत नाही. तुऱ्हाटी तशीच. गोवरी उलट स्वभावाची: ज्वाळा थोडी, निखारा दीर्घ. पऱ्हाटीने उष्णता चढवावी आणि गोवरीने ती धरून ठेवावी, असा हा संसार आहे.

वरून पेटवावे. ज्वाळा बसून निखारे झाले, की पत्रा किंवा मोठी खापरे झाकून कडेने ओली माती लिंपावी. हाच निर्णायक क्षण होय. लवकर झाकले तर विस्तव गुदमरून भांडी नुसती करपल्यासारखी मळकट निघतात. उशीर झाला तर हवा काळा रंग खाऊन टाकते. झाकल्यानंतर मात्र सकाळपर्यंत हात लावू नये. अनेकांचा धीर मध्यरात्री सुटतो, ते पत्रा उचलून पाहतात, थंड वारा आत शिरतो आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकलेला मनुष्य दुसऱ्या वेळी पहाटेपर्यंत थांबतो. एवढे करूनही दहा भांड्यांतील दोन-तीन फुटतात किंवा बेरंग निघतात, हे आधीच मनाशी धरून चालावे.

याहून नाजूक रंग हवे असतील तर भांडे झाकणाच्या मोठ्या मडक्यात ठेवून, भोवती भुसा, केळीची वाळलेली साले, मिठाचे खडे, तांब्याची बारीक तार वगैरे भरून ते मडके तापवितात. तांब्याने गुलाबी, कधी डाळिंबी झाक येते, मिठाने केशरी, हिराकसाने गंजासारखी. मडक्याच्या आत काय घडले, हे ते उघडेपर्यंत कोणासच ठाऊक नसते. मीठ, हिराकस, मोरचूद यांचा धूर मात्र छातीस घातक आहे; ते उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहून, नाक-तोंड नीट झाकून हाताळावेत आणि मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये. हौसेच्या वर्गांतून या गोष्टीकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे तेवढे दिले जात नाही.

शहरी हौशी लोकांत सर्वांत मोठे नाव आहे राकूचे. सोळाव्या शतकात जपानात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यासाठी चोजिरो नावाच्या कारागिराने हाताने घडविलेले पेले केले. ते तापलेले असतानाच भट्टीतून चिमट्याने बाहेर काढीत. १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी असे लालबुंद भांडे पाल्यात टाकून धुरविण्याचा प्रकार रूढ केला, आणि आज जगभर राकू म्हणून चालते ते बहुतांशी हेच. तापलेले भांडे बाहेर काढून पाल्यात कोंडावयाचे: शिळावर्तुळांच्या लोकांविषयीचे दुसरे मत याहून वेगळे काय सांगते?

न्यू मेक्सिकोमधील सान इल्डेफोन्सो या आदिवासी गावाची हकीकत वऱ्हाडास अधिक जवळची वाटेल. १९०८ च्या सुमारास एडगर ह्यूएट या पुरातत्त्वज्ञाने उत्खननात मिळालेल्या खापरांसारखी भांडी करून पाहावीत असे मारिया मार्टिनेझ या तेथील कुंभार स्त्रीस सुचविले. तिच्या घरी चाक नव्हते. वळ्यांवर वळ्या चढवून, गोट्याने घोटून ती भांडी करी. विस्तव ऐन भरात असताना त्यावर घोड्याच्या वाळलेल्या लिदीची भुकटी टाकून तो कोंडला तर सारे भांडे आरशासारखे काळे होते, हे तिने व तिचा पती ज्युलिअन यांनी साधले; १९१९ च्या सुमारास त्या काळ्यावर काळीच, पण निस्तेज नक्षी काढण्याची रीतही बसविली. त्या भांड्यांनी गावच्या अनेक कुटुंबांस पोटाचे साधन दिले. लीद, गोटा आणि माती यांपैकी वऱ्हाडात काय दुर्मिळ आहे? भारतातही आझमगढ जिल्ह्यातील निझामाबादची काळी भांडी, आणि मणिपुरातील लोंगपी येथील तांगखुल नागांची चाकावाचून घडविलेली काळी भांडी, याच धुराच्या विद्येवर उभी आहेत.

वर्धा नदीपलीकडे या दिशेने काही प्रयत्न झालेही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याचे मगनवाडी त्याचे ठाणे बनले; जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. पुढे १९५५ साली चंद्रपूरकडे भद्रावतीस ग्रामोदय संघ निघाला, आणि कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तेथे कुंभारकामाच्या सुधारणेस व शिक्षणास वाहून घेतले. धामणगावच्या बाजूस असे केंद्र नाही. तेथील कुंभाराचे वर्ष अजूनही अक्षय्य तृतीयेच्या घागरी, उन्हाळ्यातील माठ आणि दिवाळीच्या पणत्या यांवर टांगलेले आहे. पावसाळ्यात आवा लागत नाही. रांजणाची जागा प्लास्टिकच्या पिंपाने घेतली, माठाची शीतकपाटाने. शोभेची चार भांडी त्याचा सारा संसार चालवतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या डागापायी त्याचा माल आज कमी भावात जातो, तोच डाग पाडण्यासाठी शहरातला मनुष्य पैसे मोजून शिकावयास जातो, ही विसंगती त्याच्या कानावर घातली पाहिजे. सारे जिन्नस त्याच्या दाराशी आहेत, आणि विस्तवाची जाण त्याच्या हातात आहे. डागाकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्याने नव्हे, गिऱ्हाइकाने बदलावयाची आहे.

घेणाऱ्यानेही या भांड्यांच्या मर्यादा ओळखाव्यात. धुरात भाजलेले भांडे काचेसारखे घट्ट झालेले नसते. त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. माठात ज्या गुणाने पाणी झिरपून थंड होते, तोच गुण फुलदाणीत दोष ठरतो आणि टेबलावर ओला कडा उमटतो. ताजी फुले ठेवावयाची असतील तर आत काचेचा पेला किंवा पितळी लोटी बसवावी. खाण्यापिण्यास ही भांडी वापरू नयेत. तांब्याचे क्षार किंवा हिराकस वापरलेली तर मुळीच नव्हे. वरून मधमाशांचे मेण पातळ चोळून मऊ फडक्याने पुसले, म्हणजे काळ्याला खोली येते आणि तांबडे अधिक गडद दिसते. कोरड्या फुलांस ती फार शोभतात. पौष-माघात शेवटच्या वेचणीनंतर शेतात उरलेली, उकललेल्या बोंडांची एखादी पऱ्हाटी अशा काळ्या-तांबड्या भांड्यात उभी केली, तर दिवाणखान्यात दुसरी सजावट लागत नाही.

जी भांडी खड्ड्यातच फुटली, त्यांचे तुकडे टाकू नयेत. चाळून, कुटून ते बरणीत भरून ठेवावेत. पुढच्या हिवाळ्यात माती मळताना तीन भागांस एक भाग चुरा लागतो.